निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना साहेब बदलले तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात मुख्य लिपिक आहेत. वय ५५, सेवा २९ वर्षं, नेमणूक २००५ च्या बरीच आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन लागू. सहा महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. सरळसेवेतून, म्हणजे परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून आलेले, वयाने ताईंच्या मुलाएवढे. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "जुन्या लोकांनी हे ऑफिस सडवलंय." महिन्याभरात आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या कामाचं, टेबल काढून ताईंना अभिलेख कक्षात, जुन्या फायलींच्या खोलीत, बसवलं. आतापर्यंत तीन ज्ञापनं, म्हणजे लेखी खुलासा मागणारी पत्रं, दिली. शिपायांसमोर आवाज चढवतात, रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन विचारणा करतात. "सही करून टाकते स्वेच्छानिवृत्तीवर, की वर तक्रार करू, की मुकाट्याने दिवस काढू?" असं ताईंनी विचारलंय.

ताई, माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली आणि निवृत्तीनंतरही लोक सेवेच्या कागदांची पिशवी घेऊन घरी येतात, त्या जोरावर लिहितो. आधी स्वेच्छानिवृत्तीचं बोलू, कारण अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय असं तुम्हीच म्हणता. तो तिथेच राहू द्या.

तुमचा हक्क आहे, यात वाद नाही. निवृत्तिवेतन नियम १९८२ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. पण हिशेब मांडून बघा. तुमचं मूळ वेतन मला माहीत नाही, सोयीसाठी ६०,००० धरू. आज बाहेर पडलात तर पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,००० आणि वर महागाई भत्ता. तीन वर्षं थांबलात तर तीन वेतनवाढींनी मूळ वेतन ६५,५०० च्या पुढे जातं आणि पेन्शन त्याच्या निम्मी होते. हा फरक जन्मभराचा. उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं), रजेचं रोखीकरण आणि तुमच्या पश्चात यजमानांना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळं याच आकड्यावर उभं राहतं. शिवाय पुढच्या वर्षी तुमची तीस वर्षं भरतात. आश्वासित प्रगती योजनेतला, म्हणजे पदोन्नती मिळाली नाही तरी दहा, वीस, तीस वर्षांनी वरचं वेतन देणाऱ्या योजनेतला, तिसरा लाभ त्याच सुमारास देय होईल, म्हणजे आधी पदोन्नती आणि लाभ मिळून दोनच झाले असतील तर. तो लाभ मिळाला तर वरचा हिशेब आणखी वर सरकतो. हे सगळं सोडून द्यायचं, आणि ते का, तर अजून फार तर दोन-अडीच वर्षं त्या खुर्चीत राहणाऱ्या एका माणसाला कंटाळून.

हेही लक्षात घ्या की बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. त्यांचे सहा महिने झालेच. तरुण सरळसेवा अधिकारी जिल्ह्याच्या अशा कार्यालयात मुक्कामाला येत नाहीत, त्यांचं लक्ष पुढच्या पोस्टिंगवर असतं. बरेचदा तुमच्याआधी तेच जातात.

अर्ज रागाच्या भरात गेलाच असेल तर घाबरू नका. निवृत्तीची तारीख उलटण्याआधी तो मागे घेण्याची विनंती करता येते. सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि सबळ कारण नसताना ती नाकारणं न्यायालयांनी योग्य मानलेलं नाही. पण ही पाळी कशाला आणायची.

आता साहेबांकडे वळू. जे तुम्हाला सर्वांत जास्त बोचतंय ते बहुधा सर्वांत कमी नुकसान करणारं आहे, आणि जिथे खरं नुकसान होऊ शकतं तिकडे तुमचं लक्ष नाही, असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं. टेबल काढलं याबद्दल दोन पानं आहेत. गोपनीय अहवालाबद्दल एक ओळ नाही. अभिलेख कक्षाचा प्रभार घेताना यादी केली की नाही, याबद्दल तर एक शब्द नाही.

टेबल बदलणं म्हणजे बदली नव्हे. एकाच कार्यालयात कोणाला कोणतं कार्यासन द्यायचं हा कार्यालय प्रमुखाचा अधिकार आहे, आणि त्यावर भांडून जिंकलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. दुखतं ते कळतं. आस्थापनेच्या टेबलाभोवती अख्खं ऑफिस घुटमळतं, रजा, वेतनवाढ, जीपीएफ सगळं तुमच्या हातून जायचं. अभिलेख कक्षात कोणी चहालाही बोलवायला येत नाही. शिवाय नव्या साहेबांच्या कानात पहिल्या आठवड्यातच कोणीतरी ओतलेलं असणार की "हे ऑफिस साहेब नाही, हेडक्लार्क बाई चालवतात." हे वाक्य मी इतक्या कार्यालयांत ऐकलंय की सांगणारा कोण असेल याचा अंदाजही बांधता येतो. अननुभवी अधिकाऱ्याला त्याची भीती बसते. ती भीती आवाज चढवून बाहेर पडते. म्हणून ती क्षम्य ठरत नाही, पण तिच्याशी कसं वागायचं ते ठरवायला ही माहिती उपयोगी पडते.

तेव्हा एकदा समोरासमोर बोला. एकदाच. सकाळी टपालाच्या वेळी नको, बैठकीनंतर तर मुळीच नको. दुपारी चारच्या सुमारास, केबिनमध्ये तिसरं कोणी नसताना, परवानगी मागून जा आणि हातात कागद असू द्या: तुमच्याकडच्या कामाची सद्यःस्थिती, एका पानात. अपमानाचा विषय काढू नका. "साहेब, आस्थापनेतल्या चार प्रकरणांची पार्श्वभूमी नवीन लिपिकाला माहीत नाही, ती मी लिहून दिली आहे. अभिलेख कक्षाचं वर्गीकरण मार्चपर्यंत पूर्ण करते. आपल्याला माझ्याकडून आणखी काय अपेक्षित आहे ते सांगावं." इतकंच. कित्येक साहेब या एका भेटीनंतर निवळतात, कारण समोरची बाई सत्ता परत मागायला आलेली नाही हे त्यांना दिसतं. काही निवळत नाहीत. तेव्हा तुम्हालाही कळतं की हा माणूस घाबरलेला नाही, त्याला खरंच त्रास द्यायचाय. मग पुढचं सगळं कागदावर.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का, तेही एकदा मनाशी तपासा. बदल्यांच्या त्याच अधिनियमात लिहिलंय की सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाईल, कोणाकडेही सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. आपल्यातल्या किती जणांनी ते पाळलं? ई-ऑफिसवर फाईल किती दिवस कोणाकडे पडून आहे ते आता एका क्लिकवर दिसतं, आणि नवीन अधिकारी पहिल्यांदा तेच उघडतो. तुमच्या नावापुढे जुनं काही अडकलेलं दिसत असेल तर ते आधी मोकळं करा. त्यांच्या हातातलं खरं हत्यार तेवढंच आहे.

आता प्रभार यादी. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

अभिलेख कक्षाचा प्रभार घेताना रजिस्टरवर "प्रभार घेतला" एवढी सही करून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पुढे लेखापरीक्षण पथक येतं किंवा माहिती अधिकारात कोणीतरी १९९८ ची नस्ती मागतं, ती सापडत नाही, आणि कक्ष कोणाकडे आहे तर तुमच्याकडे. गहाळ नस्तीची जबाबदारी निश्चित करताना प्रभार कोणाकडे होता हेच पाहिलं जातं. तुमच्या आधीच्या पाच जणांनी काय केलं हे कोणी विचारत नाही. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या माणसाला अडकवायचं असेल तर याइतका सोपा रस्ता नाही, आणि ठरवून कोणी तो वापरला नाही तरी आपोआप अडकायला होतं.

तेव्हा असं करा. कक्षात बसा आणि रॅकनिहाय, गठ्ठानिहाय यादी करा. अ, ब, क, ड वर्गातले किती गठ्ठे, कोणत्या विषयाचे, कोणत्या वर्षांचे. नोंदवहीत आहे पण जागेवर नाही, अशा नस्त्यांची वेगळी यादी. वाळवी लागलेले, भिजलेले, बांधणी सुटलेले गठ्ठे वेगळे. महिनाभर लागेल, लागू दे, तुम्हाला दुसरं काम कोणी देत नाही हे इथे तुमच्या पथ्यावर पडतं. मग त्यावर एक टिप्पणी सादर करा: "अभिलेख कक्षाचा प्रभार दि. ... रोजी स्वीकारला. प्रत्यक्ष पडताळणीत जोडपत्र 'ब' मधील नस्त्या जागेवर आढळून आल्या नाहीत. माहितीस्तव व पुढील आदेशार्थ सविनय सादर." साहेब त्यावर काय शेरा मारतील याची फिकीर करू नका. "पाहिले" लिहून सही केली तरी पुरे. आवक क्रमांक पडलेली, तारखेची, सहीची ती टिप्पणी तुमच्या घरी झेरॉक्स होऊन फाईलमध्ये असली पाहिजे. आस्थापनेचं टेबल सोडलंत तेव्हाची प्रभार यादी केली नसेल तर तीही आता करा. उशीर झाला असला तरी चालेल, "यापूर्वी सादर करावयाची राहून गेलेली" असं लिहून द्या. सेवापुस्तकं, रोखीची काही नोंद, जीपीएफ पासबुकं, कोणाकडे काय सोपवलं, मोजून.

हे इतकं का सांगतोय, तर निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७. निवृत्तीनंतरही शासनाच्या मंजुरीने विभागीय चौकशी सुरू करता येते, फक्त घटना चार वर्षांपेक्षा जुनी नको. आणि निवृत्तीच्या आधीच दोषारोपपत्र हातात पडलं असेल तर ती चौकशी निवृत्तीनंतरही पुढे चालते. शेवटच्या दिवशी सत्काराच्या हाराबरोबर दोषारोपपत्र घेतलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीतली आहेत. चौकशी प्रलंबित असली की तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, पण उपदान अडकून राहतं. मुलीचं लग्न, घराचा हप्ता, सगळं त्यावर ठरवलेलं असतं. हे घडू नये म्हणून तीन वर्षं कागद नीट ठेवायचे आहेत. साहेबांचा आवाज हा त्यामानाने लहान विषय.

ज्ञापनांचं बघू. ज्ञापन म्हणजे शिक्षा नव्हे. "समज देण्यात येते", "ताकीद देण्यात येते" ह्याही शिस्त व अपील नियमांतल्या शिक्षा नाहीत. शिक्षांची सुरुवात ठपक्यापासून होते, आणि साधा ठपका ठेवायचा तरी आरोप लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मोठ्या शिक्षेला तर नियम ८ ची पूर्ण चौकशी लागते. सेवेतून काढण्याचा अधिकार तुमच्या नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या खालच्या कोणालाही नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्येच आहे. तुमचे नियुक्ती प्राधिकारी कोण, ते नेमणूक आदेशावर बघा. रोज ओरडणारे साहेबच असतील असं नाही.

तेव्हा ज्ञापन आलं की रडू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भांडण लिहू नका. तुम्ही दुसऱ्या ज्ञापनाला दिलेलं उत्तर पाठवलंय. "मी गेली २९ वर्षे निष्ठेने सेवा केली असून आजवर माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. आपण रुजू झाल्यापासून मला हेतुपुरस्सर लक्ष्य करून सर्वांसमोर अपमानित करीत आहात..." दीड पान. हे वाचून तुमच्याबद्दल मला माया वाटली, पण उद्या हा कागद चौकशी अधिकाऱ्यासमोर गेला तर त्याला यात ज्ञापनाचं उत्तर सापडणार नाही. माहिती वेळेत दिली की नाही, हा प्रश्न होता. त्यावर तुम्ही बोललाच नाहीत. शिवाय वरिष्ठांवर आरोप आहेत, त्याचं आणखी एक ज्ञापन निघू शकतं, आणि मला वाटतं तिसरं तसंच निघालंय.

तेच उत्तर असं हवं होतं:

"उपरोक्त संदर्भीय ज्ञापनाच्या अनुषंगाने नम्रपणे सादर करण्यात येते की, सभेची माहिती तालुका कार्यालयांकडून दि. ११ रोजी सायं. ५.४० वाजता ई-मेलद्वारे प्राप्त झाली. संकलित माहिती दि. १२ रोजी सकाळी १०.१५ वाजता सादर केली असून त्यामध्ये दोन तालुक्यांची माहिती अप्राप्त असल्याचे नमूद केले होते. ई-मेल व टिप्पणीची प्रत सोबत जोडली आहे. सदर दोन तालुक्यांना दि. ८ व दि. १० रोजी स्मरणपत्रे देण्यात आली होती. सबब, विलंब माझ्या स्तरावर झालेला नाही. खुलासा मान्य होऊन ज्ञापन नस्तीबद्ध करण्यात यावे, ही विनंती."

बघा, यात एकही विशेषण नाही. तारीख, वेळ, कागद. चूक झालीच असेल तर तीही एका ओळीत मान्य करायची आणि ती कधी दुरुस्त केली ते लिहायचं. मुदत दोन दिवसांची असेल आणि कागद मिळत नसतील तर त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज द्यायचा, गप्प बसायचं नाही. "खुलासा विहित मुदतीत प्राप्त नाही, सबब काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून" हे वाक्य तुम्ही स्वतः किती जणांना लिहिलंय, आठवा.

तोंडी आदेशांची गोष्ट वेगळी. वर्तणूक नियम १९७९ मधल्या नियम ३ मध्येच आहे की वरिष्ठांच्या निर्देशानुसार काम करायचं असेल तर ते शक्य तिथे लेखी घ्यावेत, आणि शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून घ्यावेत, असं सांगितलं. पण साहेबांसमोर उभं राहून "लेखी द्या" म्हणणं म्हणजे आगीत तेल. त्याऐवजी काम करून टिप्पणीच्या पहिल्या ओळीत लिहा: "मा. महोदयांनी आज सकाळी दिलेल्या निर्देशानुसार..." खाली सही झाली की निर्देश लेखी झाला. निर्देश नियमात बसत नसेल तर त्याच टिप्पणीत तो नियम लिहा आणि "आदेशार्थ सादर" करा. सही करायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच शब्द, "नोंद घेतली." रात्री अकराला स्पष्टीकरण नाही, हात जोडलेली इमोजी नाही, दुसऱ्या कोणाच्या बाजूने बोलणं नाही. सकाळी ऑफिसात येऊन जे लिहायचं ते टिप्पणीवर. स्क्रीनशॉट मात्र तारखेसकट ठेवा आणि ते मैत्रिणींना पाठवू नका. ते परत ऑफिसातच येतात.

गोपनीय अहवाल, म्हणजे आताचा कार्यमूल्यांकन अहवाल, यावर तुमचा तिसरा लाभ अवलंबून आहे, कारण त्यासाठी आधीच्या वर्षांच्या अहवालांची प्रतवारी पाहतात. साहेब वर्षाच्या मध्यात आले. त्याआधीच्या साहेबांच्या हाताखाली तुम्ही वर्षातला मोठा भाग काम केलं असेल तर त्या कालावधीचा अहवाल त्यांनीच लिहायचा आहे. तो लिहून झालाय का, आधी ते शोधा. नसेल तर त्यांना फोन करा, भेटा, तुमचं स्वयंमूल्यांकन त्यांच्या भागाचं वेगळं द्या. आताच्या साहेबांच्या भागाचं स्वयंमूल्यांकन लिहिताना "दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली" असलं गुळमुळीत नको. किती गठ्ठ्यांचं वर्गीकरण केलं, माहिती अधिकाराच्या किती अर्जांना अभिलेख शोधून दिला, हे आकड्यांत लिहा. आकडा असला की वाईट शेरा लिहिणाऱ्याला तो खोडावा लागतो, आणि वर पुनर्विलोकन अधिकारी बसलेले असतात. ते प्रतवारी बदलू शकतात.

प्रतिकूल शेरा आलाच तर तो तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, मग ती "चांगला" का असेना, आणि २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. कळवल्याच्या पत्रात जी मुदत असेल त्यात अभिवेदन, म्हणजे लेखी म्हणणं, सादर करा. पुन्हा तोच नियम, भावना नाही, तारखा.

"तुम्हाला पंचावन्नलाच घरी पाठवतो" असं ते म्हणाले म्हणता. ५०/५५ वर्षं वय किंवा ३० वर्षं सेवा, या टप्प्यांवर पात्रापात्रता पुनर्विलोकन, म्हणजे माणसाला सेवेत ठेवायचं की नाही याची तपासणी, होतं हे खरं. पण ते समिती करते, पूर्ण सेवापट बघून करते, आणि त्यात बाहेर काढलं तरी ती शिक्षा नसते, मिळवलेली पेन्शन मिळतेच. २९ वर्षांचा स्वच्छ सेवापट असलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या साहेबाच्या नाराजीवर काढत नाहीत. ही धमकी ऐकून सोडून द्या. निलंबनाचीही धमकी देतात. तेही सक्षम प्राधिकाऱ्यानेच करायचं असतं, आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय.

बदलीचं म्हणाल तर एप्रिल-मे सोडून, कार्यकाळ पूर्ण होण्याआधी बदली करायची असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. तसं न करता काढलेले आदेश मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, अनेकदा रद्द केलेत. माझं वैयक्तिक मत असं की तुम्ही स्वतःहून विनंती बदली मागणं हा वाईट पर्याय नाही, गावाजवळचं कार्यालय मिळत असेल तर. त्याला पळून जाणं म्हणणाऱ्यांना पेन्शन केस करायची नसते.

आता वर तक्रार. करायची असेल तर योग्य मार्गाने, म्हणजे साहेबांमार्फतच वरच्या कार्यालयाला, आणि आगाऊ प्रत थेट. निनावी पत्र नको, अक्षर नाही तरी भाषा ओळखू येते, आणि २९ वर्षं टिप्पण्या लिहिलेल्या बाईची भाषा तर लगेच. आमदारसाहेबांची चिठ्ठी नको. बाहेरचा दबाव आणणं हे वर्तणूक नियमांत गैरवर्तन आहे, आणि तुमच्याविरुद्धचा पहिला पक्का कागद तुम्ही स्वतः तयार करून द्याल. संघटनेला जरूर सांगा, पण आधी तोंडी, पदाधिकाऱ्याला; साहेबांना शिष्टमंडळ भेटलं की मग माघार दोन्ही बाजूंना जड जाते. तक्रारीत "त्रास देतात" असं न लिहिता तीन-चार प्रसंग तारखेसकट लिहा, कोण हजर होतं ते लिहा, आणि हवंय काय ते एका वाक्यात लिहा. काय हवंय ते न लिहिलेली तक्रार वरून "उचित कार्यवाहीस्तव" त्याच साहेबांकडे परत येते. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, पण वागण्यात लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर मार्ग वेगळा, अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार. जातीवरून काही बोलले असतील तर तोही पूर्ण वेगळा विषय. त्याला या सगळ्या सबुरीच्या गोष्टी लागू नाहीत.

मुलगी म्हणते कोर्टात जा. कोर्ट म्हणजे तुमच्यासाठी मॅट, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) खंडपीठ. पण तिथे आव्हान द्यायला आदेश लागतो. बदलीचा, शिक्षेचा, लाभ नाकारल्याचा. आवाज चढवला याला आव्हान देता येत नाही. आदेश निघाला तर मात्र वर्षाच्या आत जायचं असतं, हे विसरू नका.

तब्येतीचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, झोप लागत नाही, बीपी वाढलंय. वैद्यकीय रजेवर जाण्याचा विचार असेल तर आजार खरा असला तरच जा, कारण असे साहेब वैद्यकीय मंडळाकडे पाठवतात. त्यापेक्षा अर्जित रजा बघा. एवढ्या सेवेनंतर तुमची रजा ३०० दिवसांच्या कमाल मर्यादेला टेकली असणार. तसं असेल तर जानेवारी आणि जुलैत जमा होणारे पंधरा-पंधरा दिवस वायाच जाताहेत. रोखीकरण ३०० दिवसांचंच होतं. तेव्हा वर्षाला महिनाभर हक्काने रजा घ्या, आधी अर्ज देऊन, दोन तुकड्यांत. गावी जा, लेकीकडे जा. रजेत ग्रुप म्यूट. हा सल्ला मी ज्यांना ज्यांना दिला त्यांना आधी तो चैनीचा वाटला. हेडक्लार्कने रजा घ्यायची नसते असं आपल्या डोक्यात बसलंय. तुमच्याकडे आता आस्थापना नाही, तुमच्यावाचून पगारबिल अडणार नाही. घ्या.

राहिलं सेवापुस्तक. ते वेतन पडताळणी पथकाकडून तपासून आणायचं काम आताच हाती घ्या, निवृत्तीच्या वर्षात नको. जुनी वेतननिश्चिती चुकलेली निघाली तर आत्ता ती सरळ करता येते. शेवटच्या वर्षात निघाली तर वसुलीचा वाद होतो. तुमच्यासारख्या गट क मधल्या आणि निवृत्तीला वर्ष उरलेल्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही असं रफिक मसीह प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, पण निकाल खिशात असून वर्षभर चकरा मारण्यापेक्षा आधीच कागद स्वच्छ बरा. नामनिर्देशनं तपासा, जन्मतारीख, नावातला फरक, लग्नानंतरचं नाव, सेवेतला एखादा नियमित न झालेला रजा कालावधी. पेन्शन प्रकरण निवृत्तीच्या सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवं, आणि ते पाठवणारा कार्यालय प्रमुख म्हणजे त्या वेळी त्या खुर्चीत जो असेल तो. म्हणून आज साहेबांशी अबोला धरू नका. नमस्कार, गुड मॉर्निंग, वाढदिवसाच्या केकला उपस्थिती, हे सगळं चालू ठेवा, मनात काहीही असो. सहीसाठी शेवटी त्याच दारात जायचं आहे.

तिसऱ्या ज्ञापनाला उत्तर दिलंय की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिलं नसेल तर मुदतवाढीचा अर्ज उद्या सकाळी आवकमध्ये टाका, पोच घ्या, आणि ज्ञापनाचा मजकूर मला पाठवा. कार्यालयाचं नाव, साहेबांचं नाव त्यावर पांढरं करून पाठवलंत तरी चालेल.